चिप मोठी घ्यायची की डिकोडर सावकाश चालवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्याकडून काही निसटलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत रेडिओ मोडेम बनवता. धरणांच्या वरच्या अंगाला डोंगरात नदीची पातळी मोजणारी केंद्रं आहेत. तिथून ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६४ केबीपीएस वेगाने आकडे आणि अधूनमधून मोजपट्टीचा फोटो शहरातल्या एका रिसीव्हरकडे येतो. चुका दुरुस्त करायला तुम्ही वायफायमधला ६४८ बिटांचा, अर्ध्या दराचा एलडीपीसी कोड घेतला आहे, म्हणजे अर्धे बिट माहितीचे, अर्धे तपासणीचे, आणि प्रत्येक तपासणी समीकरणात मोजकेच बिट. पायथनमध्ये सम-प्रॉडक्ट या नेमक्या पण महागड्या पद्धतीचा डिकोडर (चुका दुरुस्त करणारा भाग) छान चालला, पण तोच आर्टिक्स-७ ३५टी या एफपीजीए चिपवर बसवताना एलयूटी, म्हणजे चिपमधले तर्काचे छोटे ठोकळे, दुपटीने कमी पडले. मग मिन-सम ही सोपी, ढोबळ पद्धत करून पाहिली, तर अर्धा डीबी गेला, म्हणजे चुका तेवढ्याच ठेवायला सिग्नल तेवढा जास्त लागला. आता बॉस म्हणतात १००टी ही मोठी चिप घेऊ, आणि तुम्ही विचारता: अचूकता किती सोडावी, बिट किती ठेवावेत, मोठी चिप घ्यावी का?

मी गेली अठरा वर्षं अशीच डिकोडरची कामं करते आहे. हा प्रश्न प्रत्येक नवा इंजिनिअर साधारण याच शब्दांत विचारतो: एका पारड्यात अचूकता, दुसऱ्यात एलयूटी. पण या हिशोबात तिसरी गोष्टही आहे, ती म्हणजे वेळ. तुमच्या प्रश्नात ६४ केबीपीएस हा आकडा सहज एका कोपऱ्यात आलाय. माझ्या मते तुमचं जवळजवळ सगळं उत्तर त्या आकड्यातच आहे.

६४८ बिटांच्या प्रत्येक कोडशब्दात, म्हणजे एकत्र पाठवलेल्या गठ्ठ्यात, माहितीचे बिट ३२४. सेकंदाला ६४,००० बिट हवेत, म्हणजे सेकंदाला सुमारे १९८ कोडशब्द. चिपचं घड्याळ अगदी निवांत, ५० मेगाहर्ट्झवर ठेवलं तरी एका कोडशब्दासाठी तुमच्या हातात अडीच लाखांहून जास्त क्लॉक सायकल येतात. या कोडच्या पॅरिटी (तपासणी) समीकरणांमध्ये आणि बिटांमध्ये मिळून साधारण २,४०० दुवे आहेत. प्रत्येक सायकलला एकच दुवा हाताळणारं एकच गणनयंत्र बसवलं तरी एका कोडशब्दावर शंभराच्या आसपास इटरेशन, म्हणजे सगळ्या दुव्यांवरून पूर्ण फेऱ्या, होतील. तुम्हाला गरज आहे दहा ते वीस इटरेशनची.

तुम्ही बसवलाय पूर्ण समांतर डिकोडर. ३२४ समीकरणांसाठी ३२४ चेक युनिट, ६४८ बिटांसाठी ६४८ व्हेरिएबल युनिट आणि त्यांच्यामधल्या तारा. २,४०० दुवे, दोन्ही दिशांनी संदेश (समीकरण आणि बिट एकमेकांना कळवतात ते अंदाज), प्रत्येकी ६ बिट धरले तरी साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास तारा होतात. एलयूटी कसेबसे पुरले असते तरी राउटिंग, म्हणजे या तारा चिपवर टाकणं, अडकलं असतं. शोधनिबंधात पहिली आकृती याच रचनेची असते, कारण ती समजायला सोपी आणि वेगाने सर्वात पुढे. सेकंदाला अब्जावधी बिट उचलायचे असतील तेव्हा तिच्याकडे वळावं. तुमच्या कामाला ती म्हणजे पोस्टकार्ड पोचवायला मालट्रक.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी वेग, मग मेमरी आणि संदेशांचं वेळापत्रक, मग बिटांची रुंदी, आणि सगळ्यात शेवटी सम-प्रॉडक्ट की मिन-सम हा प्रश्न. तुम्ही शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केलीत म्हणून चिप मोठी वाटायला लागली.

मेमरी आणि वेळापत्रक

एलडीपीसी डिकोडरमध्ये गणिताला फारशी जागा लागत नाही. जागा लागते ती संदेश साठवायला आणि इकडून तिकडे न्यायला. मिन-सम घेतलं तर इथे एक मोठी सवलत मिळते. एका समीकरणातून सात किंवा आठ बिटांकडे जाणारे संदेश वेगवेगळे साठवावे लागत नाहीत. त्यांची परिमाणं दोनच असतात: ज्या बिटाने सर्वात लहान आकडा दिला त्याला दुसऱ्या क्रमांकाचा लहान आकडा परत जातो, बाकी सगळ्यांना पहिला. म्हणून दोन किमान आकडे, पहिला किमान कुठून आला त्याचा क्रमांक आणि आठ चिन्हं एवढंच ठेवायचं. पाच बिटी संदेश धरले तर ४ अधिक ४ अधिक ३ अधिक ८, म्हणजे १९ बिट. वेगवेगळे ठेवले असते तर ४० लागले असते. ३२४ समीकरणांचे मिळून सुमारे ६,२०० बिट.

वेळापत्रक लेयर्ड ठेवा. तुमच्या पायथनमध्ये बहुतेक फ्लडिंग आहे: आधी सगळी समीकरणं जुन्या आकड्यांवर चालवायची, मग सगळे बिट एकदम सुधारायचे. लेयर्ड पद्धतीत एक समीकरण सोडवलं की त्यातले बिट तिथल्या तिथे सुधारतात आणि पुढच्या समीकरणाला ताजे आकडे मिळतात. त्यामुळे इटरेशन साधारण निम्म्यावर येतात. शिवाय चॅनलकडून आलेले मूळ आकडे वेगळे जपावे लागत नाहीत, प्रत्येक बिटाचा एकत्रित अंदाज तेवढा ठेवला की झालं. ६४८ बिटांचे ७ बिटी अंदाज म्हणजे ४,५३६ बिट. पुढचा कोडशब्द येऊन थांबण्यासाठी अजून एक बफर धरा. सगळं मिळून एका ३६ किलोबिटच्या ब्लॉक रॅमच्या (चिपमधल्या तयार मेमरी ठोकळ्याच्या) आत राहतं. वाचन-लेखनाची दारं पुरावीत म्हणून दोन-तीन ब्लॉक वापरावे लागतील. ३५टी मध्ये असे ५० ब्लॉक आहेत.

एकच युनिट ठेवण्याचा आणखी एक फायदा आकृत्यांमध्ये दिसत नाही. या कोडचं मॅट्रिक्स २७ बाय २७ च्या चौकोनांनी बनलंय आणि प्रत्येक चौकोन एक तर रिकामा असतो किंवा फिरवलेला एकक मॅट्रिक्स. २७ युनिट समांतर चालवली की २७ आकडे एकदम गोल फिरवणारा शिफ्टर लागतो आणि तो एलयूटी खातो. एकाच युनिटला शिफ्टर लागतच नाही. फिरवणं म्हणजे पत्त्यात एक बेरीज आणि २७ ने भागून बाकी, बस्स. एका लेयरमधल्या, म्हणजे चौकोनांच्या एका आडव्या रांगेतल्या, २७ ओळींमध्ये एकही बिट सामाईक नसतो, त्यामुळे पाइपलाइनमध्ये आधीचं लेखन पूर्ण होण्याआधी जुना आकडा वाचला जाण्याची भीती फक्त लेयर बदलताना. तिथे काही सायकल थांबा, तुमच्याकडे वेळेला तोटा नाही.

असा डिकोडर माझ्या अंदाजाने हजार एलयूटींच्या आसपास बसावा. ३५टी मध्ये २०,८०० आहेत. म्हणजे मोठ्या चिपचा प्रश्न इथेच मिटतो, आणि तोसुद्धा अचूकतेला हात न लावता.

आता तो अर्धा डीबी

तुमचा अर्धा डीबी कुठे गेला ते एका समीकरणावर दाखवते. एका चेक नोडला, म्हणजे समीकरणाला, चार बिट जोडलेत असं धरा. चौथ्या बिटाला निरोप पाठवायचाय आणि बाकी तिघांचे आकडे आलेत १.२, उणे ०.९ आणि २.५. चिन्ह सांगतं बिट शून्य की एक, आणि आकडा जितका मोठा तितकी खात्री जास्त. सम-प्रॉडक्टमध्ये प्रत्येकाच्या निम्म्याचा टॅनएच (हायपरबोलिक टँजंट) काढून गुणाकार करायचा आणि उलट यायचं. उत्तर येतं उणे ०.३९. मिन-सम फक्त सर्वात लहान आकडा उचलतं, त्याचं उत्तर उणे ०.९. चिन्ह बरोबर, पण खात्री दुपटीहून जास्त सांगितली. तीन माणसं साशंक असताना त्यांचा एकत्रित निष्कर्ष सगळ्यात साशंक माणसापेक्षाही डळमळीत असायला हवा. मिन-सम ते विसरतं आणि ही फुगवलेली खात्री प्रत्येक इटरेशनमध्ये पुढे सरकत जाते.

आता त्याच समीकरणात उणे ०.९ च्या जोडीला ६ आणि ७ ठेवा. सम-प्रॉडक्ट म्हणतं उणे ०.८९, मिन-सम म्हणतं उणे ०.९. फरक जवळजवळ संपला. म्हणजे मिन-सम सुरुवातीच्या इटरेशनमध्ये चुकतं, सगळेच साशंक असताना. नंतर ते आपोआप बरोबर येतं.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: उत्तराला ०.७५ ने गुणा. हार्डवेअरमध्ये गुणाकार लागत नाही, आकड्यातून त्याचाच पाव भाग वजा करायचा. दोन घरं उजवीकडे सरकवा आणि वजाबाकी करा. पहिल्या उदाहरणात ०.९ चे ०.६८ होतात, खऱ्या ०.३९ कडे निम्मं अंतर कापलं. दुसऱ्यात ०.८९ च्या जागी ०.६८, तिथे थोडं नुकसान. हा तडजोडीचा आकडा आहे, पण कोडच्या पातळीवर गमावलेल्या डीबीतला मोठा भाग तो परत आणतो. दुसरा पर्याय म्हणजे ०.५ वजा करणं. पहिल्या उदाहरणात ०.४ येतं, अगदी जवळ. दुसऱ्यातही ०.४ च येतं, आणि तिथे ते फारच कमी. वजाबाकी बरी की गुणाकार हे कोडच्या रचनेवर आणि दरावर ठरतं. तुमच्या कोडवर दोन्ही चालवून पाहा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. अर्ध्या दराच्या कोडमध्ये हा फरक जास्त दिसतो, ५/६ सारख्या वरच्या दरांना कमी.

०.७५ कडे माझा कल असण्याचं आणखी एक कारण तुमच्या डोंगरांशी जोडलेलं आहे. सम-प्रॉडक्टला नॉइजची पातळी माहीत असावी लागते, कारण त्यात आकड्यांचं प्रमाण मोजून-मापून यावं लागतं. नॉइजचा अंदाज चुकला की सम-प्रॉडक्टही चुकतं. मिन-सम आणि त्याचा ०.७५ वाला भाऊ यांना याने फरक पडत नाही. सगळे आकडे दुप्पट केले तर उत्तरंही दुप्पट येतात, निर्णय तेच राहतात. वजाबाकीच्या पद्धतीत मात्र तो ०.५ चा आकडा प्रमाणाशी बांधलेला असतो. पावसाळ्यात डोंगरातल्या लिंकचा सिग्नल तासातासाला बदलतो. ८६५ मेगाहर्ट्झला पावसाच्या धारांनी फारसं काही होत नाही, पण ओल्या झाडीने होतं. अशा ठिकाणी नॉइजचा अंदाज लागत नसलेला डिकोडर मला जास्त भरवशाचा वाटतो. प्रयोगशाळेत सम-प्रॉडक्टचा आलेख सरस दिसतो, कारण तिथे नॉइज किती घालायचा ते आपणच ठरवलेलं असतं.

एवढं करूनही उरलेला एखादा दशांश डीबी हवाच असेल, तर तुमच्याकडे वेळ भरपूर असल्यामुळे तोही मिळेल. दोन आकड्यांच्या किमानाला एक छोटी दुरुस्ती जोडली की सम-प्रॉडक्टचं नेमकं उत्तर येतं. त्या दुरुस्तीतल्या प्रत्येक पदाची किंमत ०.७ च्या वर जात नाही, आठ-दहा ओळींची लुकअप टेबल पुरते. एकच युनिट असेल तर टेबलही एकच. पण मग नॉइजचा अंदाज लागणार आणि ४० च्या जागी १९ बिटांत भागवणारी बचतही जाणार. मी तुमच्या जागी असते तर तिकडे वळले नसते.

बिटांची रुंदी, आणि माझी एक चूक

चॅनलकडून येणारे आकडे आणि संदेश ५ बिटांत ठेवा. ४ बिटांतही काम चालतं, पण पायरी, म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर, किती मोठी ठेवायची हे फार काळजीने निवडावं लागतं. ६ नंतर फ्लोटिंग पॉइंटपासूनचं अंतर सहसा आलेखावर दिसत नाही. पायरीचा आकडा सूत्राने काढत बसू नका, चार-पाच किमती घेऊन सरळ चालवून पाहा.

प्रत्येक बिटाचा एकत्रित अंदाज मात्र संदेशांपेक्षा रुंद ठेवा. हे मी एका प्रकल्पात किंमत मोजून शिकले. जागा वाचवायला मी तोही ५ बिटांत कोंबला, म्हणजे कमाल १५. सिम्युलेशनमध्ये फ्रेम एररचा, म्हणजे चुकलेल्या कोडशब्दांच्या प्रमाणाचा, आलेख दहा हजारांत एका चुकीपर्यंत सुरेख खाली आला. बोर्डावर मात्र त्याच्या थोडं खाली आलेख आडवा झाला, सिग्नल वाढवला तरी चुका कमी होईनात. दोन आठवडे मी कोडलाच दोष देत होते.

झालं होतं असं. एका बिटाला चॅनलने १० दिले, तीन समीकरणांनी ६, ५ आणि ७. खरी बेरीज २८, पण साठवली गेली १५. पुढच्या फेरीत लेयर्ड पद्धतीप्रमाणे त्यातून त्याच समीकरणाचा जुना संदेश ७ वजा झाला आणि उरले ८. उरायला हवे होते २१. म्हणजे ज्या बिटाबद्दल सगळ्यांना पक्की खात्री होती, तोच समीकरणापुढे निम्म्या आवाजात बोलायला लागला. आणि शेजारी चुकीच्या मतावर अडून बसलेले चार-सहा बिट असतील तर त्यांना हलवायला हाच आवाज लागतो. एकत्रित अंदाज ७ बिटांचा केला, कमाल ६३ झाली, आणि आलेख पुन्हा खाली जायला लागला. खर्च किती? ६४८ गुणिले २, म्हणजे १,२९६ बिट मेमरी. तुमच्या कोडमध्ये काही बिट बऱ्याच जास्त समीकरणांत येतात, त्यांची बेरीज आणखी पटकन भरते. तेव्हा ७ पेक्षा खाली जाऊ नका. मेमरी उरणारच आहे, ८ केलेत तरी माझी हरकत नाही.

अशा अडून बसलेल्या बिटांच्या टोळक्यांना ट्रॅपिंग सेट म्हणतात. ती कोडच्या रचनेत असतातच, बिटांची चुकीची रुंदी त्यांना बळ देते. म्हणून दोन डिकोडरांची तुलना करताना ज्या एरर रेटवर तुमचं यंत्र प्रत्यक्ष चालणार, तिथेच करा. वरच्या भागातले आलेख सारखे दिसले म्हणून खालचेही तसेच असतील असं धरू नका.

अर्ध्या डीबीची किंमत कशाशी लावायची

अर्धा डीबी म्हणजे ट्रान्समीटरची १२ टक्के शक्ती, किंवा मोकळ्या हवेत ६ टक्के अंतर. हे मोठं की लहान, ते तुमच्या बाकीच्या यंत्रणेवर ठरतं. तुमच्या रिसीव्हरची अँटेना गच्चीवर आणि मोडेम खाली खोलीत असेल तर मधली केबल कोणती आहे ते आज बघा. साधी आरजी-५८ असेल तर या फ्रिक्वेन्सीला तिचा एक मीटर साधारण अर्धा डीबी खातो. दहा मीटर केबल असेल तर तुम्ही पाच डीबी छतावरून खाली आणताना टाकून देता आहात, आणि डिकोडरमध्ये अर्ध्यासाठी झुंजता आहात. हे मी उगाच मोठेपणाने सांगत नाही. डिकोडरच्या कामात बुडालेल्या माणसाला केबल दिसत नाही, हे मी स्वतःसकट अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डिकोडर फक्त शहरातल्या रिसीव्हरमध्ये आहे. डोंगरातल्या केंद्रांवर फक्त एन्कोडर लागतो आणि या कोडचा एन्कोडर साध्या मायक्रोकंट्रोलरवर होतो. केंद्रं सोलर पॅनलवर चालतात, रिसीव्हर मेन्सवर. तेव्हा रिसीव्हरमध्ये मिळवलेला प्रत्येक दशांश डीबी सगळ्या केंद्रांवरच्या बॅटरीला एकदम मिळतो. तुमची केंद्रं किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-चार असतील तर केबल बदलून थांबा. तीस-चाळीस असतील तर रिसीव्हरमध्ये जास्त खर्च करणं पूर्ण समर्थनीय आहे, आणि त्या वेळी बॉसचा मोठ्या चिपचा आग्रहही मी चुकीचा म्हणणार नाही. फक्त ती चिप चार-सहा केंद्रं एकाच वेळी ऐकण्यासाठी घ्या. एका डिकोडरचे तारांचे गुंते सामावण्यासाठी नको.

दुसऱ्या क्षेत्रात उत्तर पार बदलतं. तांब्याच्या तारेवरच्या १० गिगाबिट इथरनेटमध्ये २,०४८ बिटांचा कोड आहे आणि चुकीचं प्रमाण १०^−१२ च्या खाली लागतं. तिथे वेळ नसतोच, समांतर रचनेशिवाय गत्यंतर नाही, आणि ट्रॅपिंग सेटवर माणसांनी वर्षं घालवलीत. एसएसडीमध्ये आधी एकदा वाचून मिळालेल्या शून्य-एकांवरच स्वस्त बिट-फ्लिपिंग डिकोडर चालवतात. तो हरला तरच पुन्हा वाचून जास्त बारीक आकडे मिळवतात आणि मिन-सम चालवतात, कारण पुन्हा वाचण्यात वेळ जातो. उपग्रह टीव्हीच्या डीव्हीबी-एस२ मध्ये ६४,८०० बिटांचा एलडीपीसी कोड आहे आणि उरल्यासुरल्या चुका वेचायला त्याच्या बाहेर बीसीएच हा दुसरा कोड. गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास एलडीपीसी मांडला, तेव्हाच्या हार्डवेअरला तो झेपणारा नव्हता म्हणून तो तीसेक वर्षं मागे पडला आणि नव्वदच्या दशकात परत वर आला. तेव्हा 'हार्डवेअरमध्ये बसत नाही' ही तुमची तक्रार या कोडइतकीच जुनी आहे.

दोन गोष्टी राहिल्या

एक, लवकर थांबणं. प्रत्येक इटरेशननंतर सगळी समीकरणं जुळतात का पाहा आणि जुळली की थांबा. सिग्नल बरा असेल तर बहुतेक कोडशब्द तीन-चार इटरेशनमध्ये सुटतात. कमाल मर्यादा ३० ठेवा, अवघड कोडशब्दांना ती उपयोगी पडेल आणि सरासरी वेळ फारसा वाढणार नाही.

दोन, सीआरसी, म्हणजे माहितीवरून काढून तिच्यासोबत पाठवलेले तपासणीचे बिट. समीकरणं जुळली याचा अर्थ कोणतातरी वैध कोडशब्द सापडला एवढाच. तो तुम्ही पाठवलेलाच असेल याची हमी नाही. क्वचितच चुकतं, पण तुमच्या लिंकवरून नदीची पातळी येते आहे. खडकवासल्यातून पाणी किती सोडायचं हे वरून येणाऱ्या पाण्याच्या आकड्यांवर ठरतं, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यानंतर काय झालं ते आपल्या शहराने पाहिलंय. न आलेला आकडा परत मागवता येतो. चुकीचा आकडा बरोबर म्हणून पुढे गेला तर त्याला कोणी विचारत नाही. ३२४ मधले १६ बिट सीआरसीला द्या. निव्वळ कचरा आला तरी ६५,५३६ वेळांत एकदाच तो त्यातून निसटेल. त्याने दर ५ टक्क्यांनी खाली येतो, डीबीत मोजलं तर सुमारे ०.२. एवढी किंमत मी कुठलीही घासाघीस न करता देते.

तेव्हा आत्ता पायथनमध्ये हे करा: लेयर्ड वेळापत्रक, ०.७५ वालं मिन-सम, संदेश ५ बिट, एकत्रित अंदाज ७ बिट, सगळं पूर्णांकांत. प्रत्येक सिग्नल पातळीला निदान १०० चुकलेल्या फ्रेम जमेपर्यंत चालवा, म्हणजे आकडा साधारण २० टक्क्यांच्या आत भरवशाचा होतो. १० चुकांवर काढलेला आलेख बघून निर्णय घेऊ नका. दहा हजारांत एक चूक मोजायला त्यामुळे दहा लाख फ्रेम लागतात आणि पायथन तिथे थकतं. पण तुमचा एका युनिटचा डिकोडर ५० मेगाहर्ट्झला, दहा इटरेशन धरली तरी, सेकंदाला दोन हजारांहून जास्त फ्रेम सोडवतो. त्याच चिपवर रिकाम्या जागेत नॉइज जनरेटर बसवा. दहा लाख फ्रेम आठ मिनिटांत होतील, दहा कोटी संध्याकाळी लावून सकाळपर्यंत.

सकाळी फक्त चुकांची संख्या पाहू नका. हरलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये शेवटी किती बिट चुकीचे राहिले ते साठवून ठेवा. पन्नास-शंभर बिट चुकलेले असतील तर सिग्नल खरंच अपुरा होता. पाच-सहाच बिट चुकलेले असतील आणि तेच तेच क्रमांक पुन्हा येत असतील, तर तो आकडा आणि तुमची बिटांची रुंदी इथे लिहा, मी बघते. आणि केबल किती मीटर आहे तेही.